बुट्टीला तळ होता तेव्हा

रोझारियो सरांनी पहिल्या दिवशी चेंडू दिलाच नाही.
उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागं,
राखेनं काळ्या पडलेल्या सिमेंटवर सगळ्यांना उकिडवं बसवलं
आणि रविवार पेठेतनं आणलेली वेताची बुट्टी वर धरली.
"अमेरिकेत सुरवातीला अशीच होती. पीच भरायची.
सज्जाला खिळ्यानं ठोकलेली.
खरं, तळ होता हिला."

बास्केट पडली की शिडी लावायची,
एकानं चढायचं, चेंडू काढायचा,
बाकीच्यांनी खाली घाम पुसत थांबायचं.
"किती वर्सं असं?" भरमा देसूरकरनं विचारलं.
"बरीच," सर म्हणाले. "तळ कापायचं सुचायला
वेळ लागतोय की रे."

कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडनं ते मासिकं आणायचे, किलोवर.
अर्धी पानं वाळवीनं वाचलेली, उरलेली सरांनी.
पैसे घेऊन खेळणारे पहिले गडी
तारेच्या पिंजऱ्यात खेळायचे म्हणे,
घरी जाताना पाठीवर जाळीचे चौकोन.
काळ्या पोरांचा एक संघ नाचघराच्या फरशीवर जिंकायचा
आणि परगावी रात्री बसमध्येच झोपायचा,
हॉटेलात त्यांना खोली नसायची.
बोस्टनचे हिरवे, तेरा वर्षांत अकरा वेळा.
त्यांचा उंच गडी चेंडू अडवायचा,
खरं बाहेर भिरकवायचा नाही,
आपल्याच माणसाच्या हातात ठेवायचा.
हे सांगताना सर स्वतः उडी मारायचे. गुडघा वाजायचा.

आमचे पण पगारीच.
सामन्याला आठ रुपये, एक पाळी माफ,
जिंकलं तर पाव किलो कुंदा, पाचांत.
भरमा, इरण्णा, कंग्राळीचा पुंडलिक, सायमन,
आणि दस्तगीर, भट्टीवर लोखंड ओतणारा,
उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला,
म्हणून सगळं डाव्यानं.
त्याचा चेंडू वर जायचा तेव्हा
प्रेक्षक बिडी ओढायचे थांबायचे.

निपाणीच्या सामन्यात एकदा मध्यंतर अडीच तास चाललं.
फळ्यावरचे आकडे कुठल्या लिपीत, एवढाच प्रश्न.
दोन्हीकडनं डांबराचे डबे आले.
सरांनी फळाच उतरवला, पाठीवर घेऊन यष्टीत बसले.
सोमवारी टेबलावर दोन तारा ताणल्या होत्या,
दोन्हींत फौंड्रीचे वॉशर ओवलेले.
मला म्हणाले, "एका बास्केटला दोन सरकव. टण, टण."
मी वडगावच्या विणकराची पोर, धाग्यावर मोजायची सवय होती.
पुढं चार वर्षं आमचा गुण
मराठीत पडला नाही, कानडीत पडला नाही.

मग हुबळीविरुद्धचा तो सामना.
एका गुणानं मागं. सर ओरडून सेकंद मोजतायत,
चिडले की कोकणीत मोजायचे.
दस्तगीरनं डाव्यानं टाकला.
चेंडू कड्यावर फिरला, परत फिरला,
शिट्टी वाजली, आणि मग पडला.
माझी दोन बोटं दोन वॉशरवर होती.
मी सरकवले नाहीत.
कुणी काही बोललं नाही.
पुढच्या महिन्यात हुबळीवाल्यांनीच त्याला नेलं,
सामन्याला पंचवीस रुपयांवर.

फौंड्री मोडली. तिथं आता मंगल कार्यालय आहे,
वरातीच्या गाड्या बरोबर फ्री थ्रोच्या रेघेवर लागतात.
एक तार मी घरी आणली होती,
पडद्याला लावलीय, वॉशरांसकट.

परवा दस्तगीर आला, लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन.
केस पांढरे, पाठ अजून सरळ.
बसला नाही. खिडकीपाशी गेला,
पडदा बाजूला केला, आणि डाव्या हातानं
एक सरकवला,
थांबला,
दुसरा सरकवला.

"शिट्टी आधी झाली होती," मी म्हटलं.
"होय की," तो म्हणाला. "चहात साखर नको घालूस."